मदत हवी आहे: जँगो ओआरएममध्ये दोन सम एकत्र घेतले की आंब्याच्या हिशोबाचे आकडे फुगतात

तांबडी_माती

नमस्कार मंडळी. फोनवरून लिहितेय आणि ह्या कीबोर्डला मराठीच येतं, त्यामुळे कोड उच्चाराप्रमाणे टाकलाय, सांभाळून घ्या.

देवगडला काकांची आंबा पॅकिंगची शेड आहे. आजूबाजूच्या वाड्यांतले बागायतदार माल आणून देतात, आम्ही पेट्या भरून वाशीला लावतो, तिकडून पट्टी (विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी) आली की हमाली-भाडं जाऊन जी रक्कम राहते ती त्या बागायतदाराच्या नावावर जमा. आणि त्याच्या खूप आधी, मोहोर यायच्या वेळेला, फवारणीला म्हणून नाहीतर राखणीच्या माणसांना द्यायला म्हणून प्रत्येकाने थोडी थोडी उचल नेलेली असते, ती नावे. जमातून नावे वजा, उरेल ती बाकी. एवढाच हिशोब, जो काका इतकी वर्षं लाल वहीत करत आलेत आणि जो मी आता ॲपमध्ये घालतेय. पायथन, जँगो, डेटाबेस पोस्टग्रेस. ओआरएम म्हणजे पायथनमधूनच डेटाबेसला क्वेरी घालायची जँगोची सोय, आणि सम म्हणजे त्यातली बेरीज.

मॉडेल तीन. बागायतदार, पट्टी, उचल. पट्टीला आणि उचलीला दोघांनाही बागायतदाराची फॉरेन की (ही नोंद कोणाची ते सांगणारा दुवा) आणि एक रक्कम, डेसिमल फील्ड. क्वेरी अशी:

बागायतदार.ऑब्जेक्ट्स.ॲनोटेट(जमा=सम('पट्टी__रक्कम'), नावे=सम('उचल__रक्कम'))

आता एकाचंच उदाहरण देते. पट्ट्या तीन: 12,400, 9,800 आणि 15,300, म्हणजे 37,500. उचल दोनदा, दोन्ही वेळेला 5,000, म्हणजे 10,000. बाकी 27,500 यायला हवी, वहीतही तेवढीच आहे. ॲप म्हणतंय जमा 75,000, नावे 30,000, बाकी 45,000! एरर काही नाही, वॉर्निंग नाही, आणि गंमत म्हणजे दोन्ही सम वेगवेगळे चालवले तर दोन्ही बरोबर येतात, एकत्र आले की फुगतात. त्यातही सगळ्यांचे फुगत नाहीत, काहींचे अगदी वहीप्रमाणे आहेत आणि काहींची बाकी तर कोरीच दिसतेय.

शिवाय पट्ट्यांची यादी उघडायला जाम वेळ लागतो. ॲप शेडमधल्या कॉम्प्युटरवर चालतं, डेटाबेस मुंबईच्या क्लाउडवर. नेट जेमतेमच आहे पण एवढंही वाईट नाही.

मिरगाच्या आत सगळ्यांचे हिशोब चुकते करायचे असतात, त्यामुळे जरा घाई आहे. कोणी सांगेल का काय होतंय?

मालवणी_मसाला

गो बाय, ह्यां काय नवीन नाय. क्वेरीसेटचां .क्वेरी प्रिंट करून बघ आधी, मग बोलूया.

तांबडी_माती

केलं. बरंच लांबलचक आहे. बागायतदारापासून पट्टीला लेफ्ट आउटर जॉइन, मग उचलीला लेफ्ट आउटर जॉइन, शेवटी ग्रुप बाय बागायतदाराच्या आयडीवर. मला तर सरळच वाटतंय.

मालवणी_मसाला

मग तिथेच आहे ते. ग्रुप बाय काढून टाक मनातल्या मनात आणि त्या एका माणसाच्या किती ओळी येतील ते कागदावर मांड. पट्टीचा आणि उचलीचा एकमेकींशी काही संबंध नाही, दोघींचा संबंध फक्त बागायतदाराशी, म्हणजे डेटाबेस काय करणार, प्रत्येक पट्टीसमोर प्रत्येक उचल लावणार:

12,400 – 5,000
12,400 – 5,000
9,800 – 5,000
9,800 – 5,000
15,300 – 5,000
15,300 – 5,000

तीन गुणिले दोन, सहा ओळी. डावीकडची बेरीज कर, 75,000. उजवीकडची कर, 30,000. सम बिचारा समोर आलेल्या ओळी इमानदारीत मोजतोय. आणि ज्याची पट्टी एक, उचल एक, त्याची ओळ एकच, म्हणून त्याचा आकडा बरोबर. टेस्टिंगला आपण नेमका असाच एक-एक नोंदीचा डेटा घालतो म्हणून हे कधी सापडत नाही, सापडतं ते हिशोबाच्या दिवशी.

कोरी बाकी वेगळ्या कारणाने. ज्याने उचल घेतलीच नाही त्याचा सम शून्य येत नाही, नल येतो, म्हणजे किंमतच नाही, आणि कशातूनही नल वजा केला की उत्तर नलच. तिथे सममध्येच डिफॉल्ट=0 दे, जँगो 4.0 पासून चालतं. आधीचं व्हर्जन असेल तर कोअलेस वापर, ते नलच्या जागी आपण दिलेला आकडा घालतं.

सर्वर_पडलाय

एवढं कशाला, सममध्ये डिस्टिंक्ट=ट्रू टाका, काम झालं. काउंटला मी नेहमी तेच करतो.

तांबडी_माती

टाकून बघितलं दादा. जमा 37,500 आली, एकदम खूश झाले, मग नावे बघितलं तर 5,000. बाकी 32,500 दाखवतंय.

खाडीपलीकडे

येणारच. काउंटमध्ये आपण आयडी मोजतो, आयडी प्रत्येक नोंदीचा वेगळा, त्यामुळे तिथे डिस्टिंक्ट चालून जातं. सममध्ये डिस्टिंक्ट रकमेवर लागतं. पाच हजार आणि पाच हजार ह्या त्याच्या लेखी एकच रक्कम, एक उडवली. आपल्याकडे उचल नेहमी गोल आकड्यातच जाते, पाच, दहा, पंचवीस, म्हणजे नेमकी उचलच खाल्ली जाणार आणि बागायतदाराला जास्त पैसे जाणार. हे आधीच्या चुकीपेक्षा वाईट, कारण 45,000 बघून कोणालाही संशय येतो, 32,500 बघून येत नाही.

हा प्रकार जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ॲग्रिगेशनच्या पानावर सरळ लिहिलेला आहे की एकापेक्षा जास्त ॲग्रिगेट एकत्र केलेत तर उत्तर चुकेल कारण सबक्वेरीऐवजी जॉइन वापरले जातात. जँगोच्या बग ट्रॅकरवर 10060 नंबरचं तिकीट ह्याचंच. ॲग्रिगेट जँगोत 1.1 ला आले, 2009 साली, तेव्हापासूनची ही भानगड आहे. निदान एक वॉर्निंग तरी टाकायला हवी होती असं माझं मत, असो.

उपाय सबक्वेरी. उचलीची बेरीज आतल्या आत करून घ्यायची आणि एकच आकडा बाहेर आणायचा, म्हणजे जॉइन होतच नाही:

उ = उचल.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(बागायतदार=आउटररेफ('पीके')).ऑर्डर_बाय().व्हॅल्यूज('बागायतदार').ॲनोटेट(टी=सम('रक्कम')).व्हॅल्यूज('टी')

आउटररेफ म्हणजे बाहेरच्या क्वेरीत आत्ता जो बागायतदार आहे त्याच्याकडे दाखवलेलं बोट. पट्टीचंही तसंच, त्याला प म्हणू. मग बाहेर ॲनोटेट(जमा=सबक्वेरी(प), नावे=सबक्वेरी(उ)).

मधलं व्हॅल्यूज('बागायतदार') विसरू नका, ग्रुप बाय तिथून होतो, ते नसेल तर प्रत्येक उचलीची वेगळी बेरीज होईल. आणि रिकामं ऑर्डर_बाय उगाच नाहीये, कुठे तारखेप्रमाणे ऑर्डर लावलेली असेल तर ती तारीखही ग्रुपमध्ये घुसते आणि परत घोळ.

तांबडी_माती

मी आत ॲनोटेटच्या जागी ॲग्रिगेट लिहून बघत होते कारण मला एकच आकडा हवाय ना. तर म्हणे हा क्वेरीसेट बाहेरच्या क्वेरीचा संदर्भ घेतो, फक्त सबक्वेरीतच वापरता येईल. अहो सबक्वेरीतच तर वापरतेय!

खाडीपलीकडे

क्वेरीसेट आळशी असतो, तुम्ही फिल्टर लावा, ॲनोटेट लावा, तो डेटाबेसकडे जातच नाही, लूप फिरवाल किंवा लिस्ट कराल तेव्हा जातो. ॲग्रिगेट मात्र तिथल्या तिथे पळतो. तो पळाला तेव्हा बाहेरची क्वेरी जन्मालाच आली नव्हती, मग आउटररेफ कोणाकडे बघणार. व्हॅल्यूज आणि ॲनोटेटची जोडीच वापरा.

नल घालवायला कोअलेस लावाल तेव्हा अजून एक अडेल: कोअलेस(सबक्वेरी(उ), व्हॅल्यू(0)) लिहिलंत की डेसिमल आणि इंटिजर मिसळलेत म्हणून ओरडेल. आउटपुट_फील्ड=डेसिमलफील्ड() द्यायचं. सममधला डिफॉल्ट इथे कामाचा नाही, ज्याची उचलच नाही त्याच्यासाठी आतून ओळच येत नाही, तर डिफॉल्ट लागणार कशाला.

सर्वर_पडलाय

डिस्टिंक्टचं माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, नोंद घेतली. पण एक सांगू का, ती सबक्वेरी सहा महिन्यांनी वाचताना डोकं धरायला होतं. मी अशा ठिकाणी दोन साध्या क्वेऱ्या मारतो:

नावे = डिक्ट(उचल.ऑब्जेक्ट्स.व्हॅल्यूज_लिस्ट('बागायतदार').ॲनोटेट(सम('रक्कम')))

म्हणजे आयडीसमोर बेरीज अशी डिक्शनरी मिळते. जमेची तशीच दुसरी. मग पायथनमध्ये गेट(आयडी, 0) करून वजाबाकी. शेडचे बागायतदार असे असून किती असणार, हजारो तर नसतील. वाचणाऱ्याला पण कळतं.

खाडीपलीकडे

बरोबर आहे, फक्त बाकीप्रमाणे सॉर्ट करायचं किंवा ज्यांची बाकी उलटी आहे तेवढेच काढायचे म्हटलं की ते पण पायथनमध्येच करावं लागतं. तेवढं चालत असेल तर मीही हेच सुचवेन.

झेलेवाला

उशिरा आलो. दोघांचंही बरोबर, पण मला वाटतं मुळात टेबलंच वेगळी मांडायला हवीत. ताई, तुमच्या काकांच्या वहीत उचलीची वही वेगळी आणि पट्टीची वही वेगळी आहे का? नसणार. एकेका बागायतदाराचं खातं, एका बाजूला जमा, एका बाजूला नावे, खाली बाकी. मग डेटाबेसमध्येही एक खतावणीचं टेबल करा: बागायतदार, तारीख, प्रकार, रक्कम. तेव्हा जॉइन एकच राहतो आणि दोन सम एकत्र घेतले तरी काही फुगत नाही:

ॲनोटेट(जमा=सम('नोंद__रक्कम', फिल्टर=क्यू(नोंद__प्रकार='जमा'), डिफॉल्ट=0), नावे=सम('नोंद__रक्कम', फिल्टर=क्यू(नोंद__प्रकार='नावे'), डिफॉल्ट=0))

हे ॲग्रिगेटमधलं फिल्टर जँगो 2.0 पासून आहे. उद्या कोणी म्हणालं की रिकाम्या पेट्या आणि पेंढा आमच्याकडून नेला त्याचे पैसेही कापा, तर नवीन टेबल नको, नवीन सबक्वेरी नको, नाव्यात एक ओळ.

पट्टीचं टेबल काढू नका, पेट्या किती, किती डझनी, गाडी कोणती हे सगळं तिथेच राहू दे. फक्त पट्टी सेव्ह झाली की खतावणीत नोंद पडली पाहिजे, आणि दोन्ही ट्रान्झॅक्शन.ॲटॉमिकच्या आत, म्हणजे होतील तर दोन्ही नाहीतर एकही नाही, नाहीतर मधेच लाइट गेली की पट्टी आहे आणि जमा नाही. हे सिग्नलवर (सेव्ह झालं की जँगो आपोआप देतो ती सूचना) टाकू नका. वाशीवरून आलेली एक्सेल तुम्ही बल्क_क्रिएटने चढवणार, आणि बल्क_क्रिएट सेव्ह बोलावत नाही, सिग्नलही देत नाही. गपचूप सगळ्या पट्ट्या चढतील आणि खतावणी कोरी राहील.

मालवणी_मसाला

झेलेवाल्यानु, ह्यां बरां सांगितलात. आता त्या स्लो यादीचां पण कोणीतरी बघा.

तांबडी_माती

यादीत प्रत्येक पट्टीसमोर बागायतदाराचं नाव आणि त्याचं गाव दाखवते. टेम्प्लेटमध्ये पट्टी.बागायतदार.गाव.नाव असं. गाव पण वेगळं मॉडेल आहे.

खाडीपलीकडे

मग दर ओळीला दोन फेऱ्या, एक बागायतदारासाठी, एक गावासाठी. दोनशे पट्ट्यांना चारशे क्वेऱ्या, वर मूळची एक. डेटाबेस त्याच मशीनवर असता तर जाणवलंही नसतं, पण तुमची प्रत्येक क्वेरी देवगडहून मुंबईला जाऊन परत येते आणि पुढची ती आल्यावरच निघते. नेटचा स्पीड वाढवून फार फरक पडणार नाही.

पट्टी.ऑब्जेक्ट्स.सिलेक्ट_रिलेटेड('बागायतदार__गाव') करा, सगळं एका क्वेरीत येईल. बागायतदाराच्या पानावर त्याच्या सगळ्या पट्ट्या दाखवायच्या असतील तर तिथे प्रीफेच_रिलेटेड, ते दुसरी एक क्वेरी मारून जोडणी पायथनमध्ये करतं. फक्त प्रीफेच केल्यावर टेम्प्लेटमध्ये किंवा व्ह्यूमध्ये परत त्यावर .फिल्टर लावू नका, लावलंत की तो परत डेटाबेसकडे धावतो आणि प्रीफेच फुकट. फिल्टर हवाच असेल तर प्रीफेच ऑब्जेक्टमध्ये द्या. डिबग टूलबार टाकून ठेवा, पान उघडलं की बाजूला क्वेऱ्यांचा आकडा दिसतो.

तांबडी_माती

यादी पटकन उघडतेय आता! टूलबारवर आकडा एकदम खाली आला.

हिशोबाचं, ह्या सीझनपुरती सबक्वेरीच ठेवली. तोच माणूस काढून बघितला, जमा 37,500, नावे 10,000, बाकी 27,500. बाकीचे काकांबरोबर बसून वहीशी ताडून बघतेय, आतापर्यंत जुळताहेत. काकांना झेलेवाल्यांचं खतावणीचं वाचून दाखवलं तर म्हणाले मग तू आधी माझी वही का नाही बघितलीस. पावसात शेड बंद असते तेव्हा टेबलं बदलेन.

एक शेवटचं. मे संपत आला की डागी आणि बारका माल कॅनिंगला किलोवर जातो, तिथे पेटी नाही, डझन नाही, नुसतं वजन आणि दर. त्यासाठी वेगळं मॉडेल करू का पट्टीतच बसवू?

झेलेवाला

वेगळं करा. पट्टीत बसवाल तर अर्धे कॉलम नेहमी नल राहतील आणि पेट्यांची बेरीज करताना दर वेळेला कॅनिंग वगळायचं लक्षात ठेवावं लागेल. खतावणी झाली की दोघांचीही नोंद तिथे जमेलाच पडणार आहे, त्यामुळे बाकीच्या क्वेरीला हात लावायला लागणार नाही. तोपर्यंत मात्र सबक्वेरी तिसरी लिहावी लागेल, आणि जमेत तिची बेरीज मिळवताना तिलाही कोअलेस लावा, नाहीतर ज्याने कॅनिंगला माल दिलाच नाही त्याची बाकी परत कोरी दिसेल.