एलिझाबेथ क्लार्क यांनी आपली भूमिका बदलली का?

प्रश्न : आद्य ख्रिस्ती काळातील स्त्रियांविषयी वाचताना मी अमेरिकी इतिहासकार एलिझाबेथ क्लार्क (१९३८–२०२१) यांच्या लेखनापाशी अडखळलो आहे. १९८४ मध्ये त्यांनी धाकटी मेलानिया या श्रीमंत रोमन संन्यासिनीचे ग्रीक चरित्र अनुवाद आणि भाष्यासह प्रसिद्ध केले. १९९८ च्या एका निबंधात मात्र अशा चरित्रांतून खऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचता येते का, अशी शंका त्याच उपस्थित करतात. आधीचे काम त्यांनी मोडीत काढले, असे समजावे का?

प्रतिसाद १ : मला तसे वाटत नाही. निबंधातील माक्रिनाचे उदाहरण आपण सावकाश वाचावे. निसाचा बिशप ग्रेगरी याची ही थोरली बहीण त्याच्या लेखनात मृत्युशय्येवरून भावाला आत्मा आणि पुनरुत्थान समजावून सांगते, तो तिला गुरू म्हणतो आणि चौथ्या शतकातील एक विदुषी अखेर स्वतः बोलू लागली, असा आनंद वाचकाला होतो. क्लार्क दाखवतात की, तिच्या तोंडचे युक्तिवाद ग्रेगरीचेच आहेत. ऑरिजेन या आधीच्या ख्रिस्ती विचारवंताची वादग्रस्त मते सुधारून मांडताना त्याला बहिणीचा आवाज उपयोगी पडला. तरीही निबंध तिथे थांबत नाही. स्त्रीचे बोल हाती लागले नाहीत, तरी ते बोल तिच्या तोंडी कोणी आणि कशासाठी घातले, हे विचारता येते.

प्रतिसाद २ : त्यांची वाटचालही लक्षात घ्यावी. १९६४ पासून मेरी वॉशिंग्टन कॉलेजात आणि १९८२ पासून ड्यूक विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. ज्या विद्याशाखेचे (पॅट्रिस्टिक्स) नावच ‘चर्चच्या पित्यां’वरून, म्हणजे आद्य ख्रिस्ती धर्माचार्यांवरून पडले होते, तिच्यात स्त्रियांचा प्रश्न त्यांनी मध्यभागी आणला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग मेलानियाचे चरित्र आता कसे वाचावे?

प्रतिसाद १ : तिच्या अंतरंगाचा शोध थोडा बाजूला ठेवून वाचावे. रेशमी वस्त्रांखाली ती जाडेभरडे लोकरीचे वस्त्र घालते आणि ते आत्याच्या नजरेस पडते, हा प्रसंग भाविक चरित्रकाराने तिच्या वैराग्याचा पुरावा म्हणून नोंदवला आहे. पण मालमत्ता विकायला निघाल्यावर दिराने घातलेला खोडा, रोमजवळच्या जमिनींवरील गुलामांचे बंड आणि सम्राटाची नातलग सेरेना हिच्याकडे मागावी लागलेली मदत, हेही त्याच चरित्रात आहे. संन्यास घेतानाही श्रीमंत स्त्रीला कोणाकोणाशी झगडावे लागे, हे तिथे स्पष्ट दिसते.