न कळवता जा, आणि तक्ता मागून बघा

स्वच्छता आणि जेवण पाहून शुश्रूषा केंद्र निवडावं, असं बरेच जण सांगतात. खरंय, पण ठरलेल्या भेटीच्या वेळी या दोन्ही गोष्टी सगळीकडेच चकाचक असतात. काकांसाठी आम्ही तीन ठिकाणं पाहिली, पहिल्या फेरीत तिन्ही सारखीच वाटली. दुसऱ्यांदा न कळवता रविवारी संध्याकाळी साडेसातला गेलो आणि फरक लगेच दिसला. जिथली बाग सगळ्यांत सुंदर, तिथे एका आजींची घंटा वाजत होती आणि मावशी टीव्हीपुढे. मी घड्याळ लावलं. तब्बल 11 मिनिटं!

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी, टाचांना जखमा होतात आणि त्या भरायला कधीकधी महिने लागतात. कूस बदलल्याची नोंद तक्त्यावर ठेवतात. तो मागून बघा. त्याच बागवाल्यांकडे आम्ही साडेसातला उभे, आणि रात्री 10 पर्यंतच्या सह्या आधीच झालेल्या, एकाच पेनाने, एका दमात. रात्रपाळीला किती जण असतात विचारलं, तर "असतात ना पुरेसे". शेवटी जिथे भिंतींचा रंग उडाला होता पण हा आकडा पटकन सांगितला, तिथे काकांना ठेवलं. (डायपर, हातमोज्यांचे पैसे वेगळे लावतात का, तेवढं मात्र आधीच लेखी घ्या. आम्ही विसरलो होतो.)