मदत हवी आहे: आईची अल्प्राझोलमची गोळी (इंदूर)

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, आम्ही रामबागेत राहतो. बाबा गेल्यापासून डॉक्टरांनी रात्री अल्प्राझोलम (घबराट कमी करून झोप आणणारी गोळी) ०.२५ मिग्रॅ दिली होती, आठ महिने झाले. शेजारच्या काकूंनी "सवय लागते गं" म्हटलं आणि आईने परवा ती एकदम बंद केली. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, हात थरथरतात. ही गोळी अचानक सोडली तर झटकेही येऊ शकतात, हळूहळूच कमी करायची असते, म्हणून फार घाबरले आहे. तिचे डॉक्टर बाहेरगावी आहेत. आज रात्रीच दाखवता येईल असे इंदुरात मानसोपचारतज्ज्ञ कोण? मराठी बोलणारे असतील तर फार बरं, आई हिंदीत मनातलं सांगत नाही. कृपया गोळ्यांची नावं सुचवू नका.