2016 चा युरो करंडक: पोर्तुगालने तो कमावला की तो त्यांच्या पदरात पडला?

फोंडावासी:

10 जुलै 2016 रोजी पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर पोर्तुगालने यजमान फ्रान्सला जादा वेळेत 1-0 असे हरवून युरो करंडक जिंकला. आपल्याकडे तो सामना मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू झाला आणि संपेपर्यंत तीन वाजले. तेव्हापासून आजपर्यंत गोव्यात कुठेही फुटबॉलचा विषय निघाला की "पोर्तुगाल जिंकला खरा, पण त्यांची ती लायकी नव्हती" हे वाक्य कोणीतरी हमखास उच्चारतो आणि बाकीचे माना डोलावतात. मला ते मुळीच मान्य नाही.

त्या स्पर्धेत पोर्तुगाल एकही सामना हरला नाही. बाद फेरीत ते क्रोएशिया, पोलंड, वेल्स आणि फ्रान्स यांच्याशी एकूण 450 मिनिटे खेळले आणि त्यात त्यांच्यावर एकच गोल झाला, तोही पोलंडच्या लेवांडोव्स्कीने मार्सेच्या सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला केलेला. त्यानंतरच्या 328 मिनिटांत कोणालाही त्यांचे जाळे हलवता आले नाही. अंतिम सामन्यात तर फ्रान्सच्या पायेटच्या धडकेने आठव्या मिनिटालाच जायबंदी झालेला रोनाल्डो पंचविसाव्या मिनिटाला स्ट्रेचरवरून बाहेर गेला. ज्या संघाला वर्षानुवर्षे "रोनाल्डो आणि दहा जण" म्हणून हिणवले गेले, त्या संघाने उरलेला सगळा वेळ त्याच्याशिवाय, यजमानांच्या मैदानावर आणि यजमानांच्या प्रेक्षकांपुढे काढला. 1975 नंतर फ्रान्सशी झालेले सलग दहा सामने हरलेला हा संघ होता, हेही ध्यानात ठेवावे. एवढे करूनही लायकी नाही म्हणायचे असेल, तर लायकीची कसोटी तरी कोणती, ते सांगावे.

निळी जर्सी:

फोंडावासीबाब, कसोटी सांगतो. सात सामन्यांपैकी नव्वद मिनिटांत पोर्तुगालने किती जिंकले? फक्त एक, वेल्सविरुद्धचा, आणि त्या सामन्यात वेल्सचा रॅम्सी निलंबनामुळे खेळू शकला नव्हता. गटसाखळीत आइसलँडशी 1-1, ऑस्ट्रियाशी 0-0, हंगेरीशी 3-3 अशा तिन्ही बरोबरी. हंगेरीने तर तीन वेळा आघाडी घेतली होती. तीन गुण घेऊन पोर्तुगाल गटात तिसरा आला. 2012 पर्यंतच्या सोळा संघांच्या युरोत असा संघ तिथूनच घरी परतला असता. 2016 मध्ये पहिल्यांदाच 24 संघ घेतले गेले आणि सहा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी चार जणांना पुढे जाऊ देण्यात आले, म्हणून ते वाचले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आइसलँडने ऑस्ट्रियाविरुद्ध अगदी शेवटी, भरपाईच्या चौथ्या मिनिटाला गोल केला नसता तर पोर्तुगाल दुसरा आला असता आणि त्यांची गाठ इंग्लंडशी पडली असती. त्या एका गोलाने ते तिसऱ्या क्रमांकावर घसरले आणि ड्रॉच्या, म्हणजे बाद फेरीच्या सामन्यांच्या आखणीच्या, अशा बाजूला पोहोचले, जिथे जर्मनी, इटली, स्पेन, फ्रान्स, इंग्लंड यांपैकी कोणीही नव्हते. हे पाचही संघ दुसऱ्या बाजूला एकमेकांना बाद करत होते. फ्रान्सने त्या बाजूने येताना उपांत्य सामन्यात विश्वविजेत्या जर्मनीला 2-0 असे नमवले. अंतिम सामन्यापूर्वी फ्रान्सचे 13 गोल झाले होते आणि त्यातले 6 एकट्या ग्रीझमनचे होते. पोर्तुगालला संपूर्ण स्पर्धेत मिळून 9 गोल करता आले. शिवाय पोर्तुगालचा उपांत्य सामना बुधवारी आणि फ्रान्सचा गुरुवारी झाला, म्हणजे विश्रांतीचा एक दिवसही पोर्तुगालला जास्त मिळाला.

फोंडावासी:

विश्रांतीचे म्हणाल, तर क्रोएशिया आणि पोलंड या दोन्ही सामन्यांत पोर्तुगाल 120 मिनिटे खेळून आला होता आणि फ्रान्स अंतिम सामन्यापर्यंत एकदाही जादा वेळेत गेला नव्हता. एका दिवसाच्या विश्रांतीपुढे ही साठ मिनिटे ठेवा आणि मग हिशेब करा.

ड्रॉच्या बाजूविषयी माझी खरी हरकत आहे. ज्या इंग्लंडशी गाठ पडली नाही म्हणून तुम्ही पोर्तुगालला नशीबवान ठरवता, त्या इंग्लंडला आइसलँडने 2-1 असे हरवले. ज्या स्पेनचे नाव तुम्ही घेता, त्याला गटात क्रोएशियाने 2-1 असे हरवून गटाचे अग्रस्थान घेतले, आणि पोर्तुगालने बाद केला तो हाच क्रोएशिया. जर्सीवर किती जुने करंडक लिहिलेले आहेत त्यावरून त्या महिन्यातला संघ मोजता येत नाही. आणि फ्रान्स तरी उपांत्य सामन्यापर्यंत कोणाशी खेळला? रुमानिया, अल्बानिया, स्वित्झर्लंड, आयर्लंड आणि आइसलँड. तुमच्या 13 गोलांपैकी 11 या पाच सामन्यांतले आहेत.

डावा बॅक:

मी डिचोली भागात बरीच वर्षे बचावफळीत खेळलो, त्यामुळे माझे लक्ष नेहमी मागच्या चौघांकडे जाते. फोंडावासी यांचा निष्कर्ष मला मान्य आहे, पण त्यांनी सगळ्या 450 मिनिटांना सारखेच गुण दिले आहेत, ते मान्य नाही.

लाँसमधला क्रोएशियाचा सामना हा चांगल्या बचावाचा नमुना नव्हता. दोन्ही संघ एकमेकांना घाबरून खेळले. 116 व्या मिनिटाला क्रोएशियाच्या पेरिसिचचा हेडर खांबाला लागला. तो चेंडू मागे आल्यावर पोर्तुगालचा रेनाटो सांचेस तो घेऊन धावत सुटला, नानीने पास दिला, रोनाल्डोचा फटका गोलरक्षक सुबाशिचने अडवला आणि उसळलेला चेंडू क्वारेस्माने डोक्याने जाळ्यात ढकलला. रोनाल्डोचा तो फटका हा संपूर्ण सामन्यात लक्ष्यावर गेलेला पहिला फटका होता. चेंडू खांबाच्या आतल्या बाजूला लागून आत गेला असता तर आज ही चर्चाच झाली नसती.

अंतिम सामना मात्र वेगळा होता. रोनाल्डो गेल्यावर पोर्तुगालचे प्रशिक्षक सांतोस यांनी क्वारेस्माला बाजूला आणि नानीला पुढे ठेवले, आणि विल्यम कार्व्हाल्यो पेपे व फोन्ते या मध्य बचावपटूंपुढे ठाण मांडून राहिला. फ्रान्सकडे चेंडू होता, पण पेनल्टी क्षेत्रात मोकळी जागा नव्हती. फ्रान्सचा सिसोको मध्यातून धावत आला की त्याला कोणी अंगावर जाऊन टाकले नाही. त्याच्यापुढे उभे राहून त्याला दुरून मारायला लावले, आणि दुरून आलेले ते फटके गोलरक्षक रुई पात्रिसियोने घेतले. ज्याने मागे उभे राहून अशा पळत्या माणसाला तोंड दिले आहे, त्याला ठाऊक असते की त्या क्षणी पाय न घालणे हे पाय घालण्यापेक्षा अवघड असते. पेपेला सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले गेले ते योग्यच होते. आणि तरीही 92 व्या मिनिटाला फ्रान्सच्या जिन्याकने त्याच पेपेला पेनल्टी क्षेत्रात वळसा दिला आणि त्याचा फटका जवळच्या खांबावर आदळून बाहेर आला. तिथे बचाव हरला होता आणि खांबाने वाचवले, हे मीही नाकारत नाही. पण 120 मिनिटांत अशी एकच वेळ येऊ देणे ही मोठी कामगिरी आहे.

निळी जर्सी:

एकच कशी? 66 व्या मिनिटाला कोमानच्या क्रॉसवर ग्रीझमन अगदी मोकळा होता आणि त्याचा हेडर आडव्या खांबावरून गेला. दहाव्या मिनिटालाही त्याचाच हेडर पात्रिसियोने कसाबसा वर ढकलला होता. डावा बॅक यांच्या म्हणण्यातून मला एवढेच दिसते की एकदा खांब, एकदा पुन्हा खांब आणि एकदा ग्रीझमनची चूक असे तीन वेळा दुसऱ्यांनी पोर्तुगालला वाचवले.

मांडवीकाठ:

मी या दोन्हींपैकी कोणत्याच संघाचा पाठीराखा नाही. गोव्यात पोर्तुगालच्या बाजूने किंवा विरोधात बोलताना 1961 च्या गोवा मुक्तीचा इतिहास मनात असतो, आणि ज्यांच्या घरात त्या लढ्याची आठवण आहे त्यांच्या भावनेचा मला आदर आहे, पण बाद फेरीतला गोल त्यामुळे लहान किंवा मोठा होत नाही.

बाद फेरीचा नियम आधीपासून सर्वांना माहीत असतो. त्याच मोसमात, 20 डिसेंबर 2015 रोजी, फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. साखळीत पहिल्या क्रमांकावर राहिलेला आपला एफसी गोवा 87 व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकने 2-1 असा पुढे होता. करंडक आपलाच म्हणून सगळे स्टेडियम उभे राहिले होते. मग नव्वदाव्या मिनिटाला स्वयंगोल झाला आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझाने चेन्नईयनसाठी तिसरा गोल केला. साखळीत आपण त्यांच्या पुढे होतो म्हणून चेन्नईयनचा करंडक खोटा ठरत नाही. विश्वचषकाचे उदाहरण घ्यायचे तर 1982 मध्ये इटलीनेही गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले आणि कॅमेरूनपेक्षा एक गोल जास्त केला म्हणून ते पुढे गेले. त्या इटलीला आज कोणी नालायक विजेता म्हणत नाही.

निळी जर्सी:

मांडवीकाठ, इटलीचे उदाहरण तुमच्यावरच उलटते. 1982 च्या त्या इटलीने पुढे अर्जेंटिनाला 2-1, ब्राझीलला 3-2, पोलंडला 2-0 आणि पश्चिम जर्मनीला 3-1 असे हरवले, आणि हे चारही सामने नव्वद मिनिटांत जिंकले. सुरुवातीची मरगळ त्यांनी नंतर धुऊन काढली, म्हणून त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. पोर्तुगालने तसे काय केले? फातोर्ड्याचे दुःख मलाही आहे, पण चेन्नईयनने नव्वद मिनिटे आणि भरपाईचा वेळ यांत तीन गोल केले होते. ते वाट पाहत बसले नव्हते.

आणि पंचांचा निर्णयही विसरता येत नाही. 107 व्या मिनिटाला चेंडू हाताला लागला तो पोर्तुगालच्या एदेरच्या, पण पंच मार्क क्लॅटनबर्ग यांनी हँडबॉल दिला फ्रान्सचा बचावपटू कोसिएल्नीविरुद्ध आणि पिवळे कार्डही त्यालाच दाखवले. त्या फ्री किकवर पोर्तुगालच्या गेरेरोचा फटका आडव्या खांबाला लागला. त्यावर गोल झाला नाही हे खरे, परंतु दोनच मिनिटांनी एदेर चेंडू घेऊन वळला आणि त्याने विजयी गोल केला तेव्हा त्याच्या पाठीशी कोण होता? तोच कोसिएल्नी, आता डोक्यावर कार्ड घेऊन. कार्ड असलेला बचावपटू तिथे फाउल करताना दोनदा विचार करतो.

डावा बॅक:

एदेरच्या गोलाबद्दल हे मला पटत नाही. मोतिन्योकडून चेंडू आला तेव्हा एदेरची पाठ गोलकडे होती. त्याने अंगाने कोसिएल्नीला दूर ठेवले, आडवे धावत मध्याकडे आला आणि पेनल्टी क्षेत्राच्या बऱ्याच बाहेरून जमिनीलगत मारला. फ्रान्सचा गोलरक्षक योरिसचा हात पोहोचण्यापूर्वी चेंडू कोपऱ्यात होता. तिथे कोसिएल्नीला फाउल करण्याइतके जवळ येताच आले नाही, कारण एदेरचा खांदा आणि कंबर मध्ये होती. आणि कार्ड नसलेला दुसरा मध्य बचावपटू उमतिती पुढे आला का? तो मागे सरकत राहिला. एवढ्या अंतरावर समोरच्याला मारायला जागा दिली तर दोष पंचांचा नाही.

फोंडावासी:

पंचांचाच हिशेब मांडायचा तर पायेटच्या धडकेपासून सुरुवात करावी. संघाचा कर्णधार त्या धडकेने सामन्यातून गेला आणि पंचांनी फाउलदेखील दिला नाही, कार्ड तर दूरच. एदेरच्या हँडबॉलने फ्रान्सचे जे नुकसान झाले, त्याहून हे नुकसान कितीतरी मोठे होते.

इटलीचा मुद्दा वजनदार आहे, त्यामुळे त्याला उत्तर द्यायला हवे. तो सुंदर खेळाचा मुद्दा आहे आणि मी पोर्तुगालचा खेळ सुंदर होता असे कुठेही म्हटलेले नाही. पण पोर्तुगाल वाट पाहत बसला होता, हे निदान अंतिम सामन्याबद्दल खरे नाही. जादा वेळ पुन्हा आठवून पाहा. 104 व्या मिनिटाला कॉर्नरवर एदेरचा हेडर योरिसने अडवला, 108 व्या मिनिटाला गेरेरोची फ्री किक आडव्या खांबाला लागली आणि 109 व्या मिनिटाला गोल झाला. त्या अर्ध्या तासात जिंकण्यासाठी कोण खेळत होते, हे एवढ्यावरून कळते.

आता बदली खेळाडूंकडे पाहा. तेव्हा तीनच बदल करता येत असत. रोनाल्डोच्या दुखापतीत पहिला बदल खर्च झालेला असतानाही सांतोस यांनी 66 व्या मिनिटाला मोतिन्यो आणि 79 व्या मिनिटाला एदेर यांना आणून तिन्ही बदल संपवले. रेनाटो सांचेससारखा मध्यरक्षक काढून त्यांनी आघाडीपटू आणला. पुढे 40 मिनिटांत आणखी कोणी जायबंदी झाला असता तर दहाच खेळाडूंनिशी खेळावे लागले असते, हे ठाऊक असूनही त्यांनी ते केले. फ्रान्सचे प्रशिक्षक देशाँ यांनी कोमान आणि जिन्याक यांना आणले, पण तिसरा बदल राखून ठेवला. सिसोको सुरुवातीपासून धावत होता आणि मार्सियाल बाकावर बसला होता. मार्सियाल मैदानात आला 110 व्या मिनिटाला, एदेरचा गोल झाल्यानंतर.

निळी जर्सी:

मार्सियालला आणायला उशीर झाला, हे मी त्या रात्रीही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. त्या सामन्यापुरते सांतोस देशाँपेक्षा सरस ठरले, एवढे मी मान्य करतो. पण करंडक एका सामन्याचा नसतो, एका महिन्याचा असतो, आणि त्या महिन्यातला सर्वोत्तम संघ म्हणून मी पोर्तुगालचे नाव घेणार नाही.