भिंतीलगत बहुवर्षायू फुलझाडांचा मोठा वाफा : आखणी कशी करावी?

अंगणकर (पुणे)
कंपाउंडच्या भिंतीलगत 40 फूट लांब, 7 फूट रुंद पट्टा मोकळा आहे. माती काळी, चिकट. सकाळी 8 ते दुपारी 2 ऊन. दरवर्षी रोपं बदलायची नाहीत. घरात लहान मुलं आहेत. माती कशी तयार करावी आणि काय लावावं?

काळी_माती
आधी पाण्याचा निचरा. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात, रोपं मरतात ती बहुधा यानेच. भिंतीपासून दीड फूट जागा सोडा, नाहीतर मागची छाटणी आणि खुरपणी करता येणार नाही. पुढे विटांची कड, मध्ये 5 फुटी वाफा. दीड फूट खणा, मातीत बारीक मुरूम मिसळा आणि वाफा 8-9 इंच उंच ठेवा. वर 2 इंच शेणखत, म्हणजे 200 चौरस फुटांना साधारण एक तृतीयांश ब्रास (1 ब्रास = 100 घनफूट). खत पूर्ण कुजलेलंच घ्या. अर्धकच्च्या शेणखतातून हुमणी (मातीतली पांढरी अळी) येते आणि ती मुळंच खाते.

पानोपानी
प्रत्येक जातीचं एकेक रोप आणू नका, वाफा नर्सरीच्या मांडणीसारखा दिसतो. मागे हॅमेलिया (केशरी-लाल फुलांचं झुडूप) तीन-तीनच्या तीन गटांत, साडेतीन फुटांवर. गटांच्या मधल्या जागेत कर्दळीचे कंद दीड फुटावर. मध्ये निळा प्लंबॅगो दोन फुटांवर आणि पेंटास. पुढे अबोली एक फुटावर, कडेला झेफिरँथसचे (रेन लिली) कंद 4 इंचांवर. पहिल्या वर्षी मध्ये माती दिसेल, दिसू द्या. दाटी केली की हवा खेळत नाही आणि कर्दळीवर तांबेरा (बुरशीचा रोग) येतो.

मुलं आहेत म्हणून कण्हेर आणि बिट्टी नकोच, दोन्ही अतिविषारी. मेक्सिकन पेटुनिया सुंदर, पण जमिनीखालून पसरतो, बियाही उडवतो. दोन वर्षांत शेजारची झाडं दाबतो.

ठिबकवाला
ठिबकसाठी 16 मिमी इनलाइन नळीच्या (आतच ड्रिपर बसवलेली नळी) तीन ओळी, 40 सेंमीवर ताशी 4 लिटरचे ड्रिपर. साधारण 90 ड्रिपर होतात, अर्ध्या तासात 180 लिटर. नळी लागवडीआधी अंथरा. लागवड मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर.

पानोपानी
ठिबक आच्छादनाखाली ठेवा. फुलून गेलेला कर्दळीचा दांडा जमिनीलगत कापा, हॅमेलिया फेब्रुवारीअखेर तीन फुटांवर छाटा. कर्दळीचे कंद दर दोन-तीन वर्षांनी उकरून विभागा, नाहीतर मधला भाग पोकळ होऊन फुलं कमी येतात.