मानधन, वेतन, रोज: कुणाला कोणता शब्द?

सायली: मार्च २०२५ मध्ये खासदारांचं वेतन वाढल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या अंगणवाडीताई म्हणाल्या, "आम्हाला कुठलं वेतन, आमचं मानधन." मान तर खासदारांना जास्त. मग 'मानधन' ताईंच्या वाट्याला कसं?

नाशिककर: व्याख्यात्याला शाल-नारळासोबत पाकीट देतात, ते मानधन. ती कामाची किंमत नसते. पोटाची सोय दुसरीकडे आहे असं गृहीत धरलेलं असतं. सरकारला हा शब्द फार सोयीचा, कारण मानधन घेणारी ताई कागदोपत्री नोकर ठरत नाही. खासदारांना संविधानाच्या अनुच्छेद १०६ नुसार वेतन आणि भत्ते. त्यांचे १ लाखाचे १ लाख २४ हजार झाले, तेही १ एप्रिल २०२३ पासून, महागाई निर्देशांकाचा हिशेब लावून. सेविकांच्या मानधनातला केंद्राचा आकडा २०१८ मध्ये ३,००० चा ४,५०० झाला. राज्य वर भर घालतं, पण निर्देशांकाचं नाव नाही.

जुना_वाचक: न्यायालयातही यावर शब्दचर्चाच झाली म्हणा ना! २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं हे मानधन वेतनच आहे.

भातखाऊ: 'भत्ता' राहिला की. मूळ संस्कृत 'भक्त', म्हणजे अन्न; 'भात'ही त्यातलाच. (आमच्याकडे भत्ता म्हटलं की आधी चुरमुरेच आठवतात.) खासदारांचा दैनिक भत्ता त्याच वेळी २,००० वरून २,५०० झाला. 'रोज' म्हणजेही दिवसाचेच पैसे, पण रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. खासदारांचा भत्ता वेतनाखेरीज. मजुराला रोजाखेरीज काही नाही.

सायली: आणि 'पगार'?

भातखाऊ: पोर्तुगीज. 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणं. आपल्याकडे क्रियापदाचं नाम झालं.

जुना_वाचक: नाशिककर, एक दुरुस्ती. संस्कृतात 'मानधन' ही रक्कम नव्हे, माणूस: मान हेच ज्याचं धन तो. भारवीच्या 'किरातार्जुनीय'मध्ये दुर्योधनाच्या योद्ध्यांना 'मानधनाः' म्हटलंय, आणि लगेच पुढचा शब्द 'धनार्चिताः', धन देऊन गौरवलेले.

नाशिककर: म्हणजे दुर्योधनसुद्धा नुसत्या मानावर भागवत नव्हता!

सायली: ताईंना सांगते. घरी मात्र त्या 'पगार झाला' असंच म्हणतात.