अपोफिलाइटचा ‘घन’ खरंच घन आहे का?

दगडधोंडे:
जळगाव भागातल्या बेसॉल्टमधला बिनरंगी अपोफिलाइट (एक खनिज) आहे, स्फटिक साधारण 2 सेमी. सहा बाजू जवळजवळ चौरस, आठही कोपरे तिरके छाटलेले. भूमितीतल्या छाटलेल्या घनासारखाच दिसतो. पुस्तकात मात्र त्याला टेट्रागोनल (दोन आडवे अक्ष सारखे, उभा वेगळा) म्हटलंय. कंपासपेटीतल्या साधनांनी फरक कळेल का?

कोनमापक:
कळेल, पण बाजूंची लांबी मोजून नाही. एखाद्या दिशेला वाढ जोरात झाली की स्फटिक लांबोडा होतो, मंदावली की बुटका. फलकांमधले, म्हणजे सपाट पृष्ठांमधले, कोन मात्र बदलत नाहीत. डॅनिश शास्त्रज्ञ स्टेनोने हे 1669 मध्येच दाखवलं होतं.

तुमच्याकडे छाटलेले कोपरे आहेत, त्यामुळे काम सोपं आहे. घनाचा कोपरा अष्टफलकाच्या फलकाने छाटला तर तिन्ही कडा सारख्याच कापल्या जातात आणि त्रिकोण समभुज निघतो, छाट कितीही खोल असो. अपोफिलाइटमध्ये आडव्या कडांवर 4 मिमी गेले तर उभ्या कडेवर सुमारे 5 मिमी जातात. त्रिकोण समद्विभुज होतो: माथ्याकडच्या दोन टोकांना 64° च्या आसपास, खालच्या टोकाला 52°.

फलकांमधला कोनही मोजा. जाड कार्डाच्या दोन पट्ट्या टाचणीने सांधा, दोन फलकांवर टेकवा, उजेडासमोर धरून फट नाही ना ते बघा आणि मग कोनमापकावर ठेवा. घनात छाटलेला फलक तिन्ही बाजूंशी 125° 16′ करतो. अपोफिलाइटमध्ये माथ्याशी सुमारे 119.5°, उभ्या बाजूंशी 128°. पट्ट्या कडेशी काटकोनात नसतील तर दर वेळी वेगळा आकडा येतो, म्हणून तीन-चार कोपरे मोजून सरासरी घ्या.

गारगोटी:
मोजण्याआधी नुसतं निरखून बघा. समोरासमोरच्या दोनच फलकांवर मोत्यासारखी चमक दिसेल, तोच माथा आणि तळ. उरलेले चार काचेसारखे, त्यांवर बारीक उभ्या रेषा. पाटनही (स्फटिक सहज सपाट फुटण्याची दिशा) त्या माथ्याला समांतर, एकाच दिशेत. घनप्रणालीत (घनासारखी सममिती असलेल्या स्फटिकांच्या गटात) एका जोडीला असा वेगळा मान मिळूच शकत नाही: मिठात पाटनाच्या तीन दिशा असतात, फ्लोराइटमध्ये चार.

पाटन तपासायला नमुना फोडू नका, कडेच्या भेगा पुरतात. तापवूही नका. त्यातलं पाणी निघून जातं आणि पापुद्रे सुटतात. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ आउईने 1806 मध्ये ठेवलेलं ग्रीक नाव त्यावरूनच आहे.

पुठ्ठ्याचे बहुफलक:
सममिती हातात धरून समजते. 6 सेमीचे दोन घन करा. पहिल्याचे कोपरे तिन्ही कडांवर 20 मिमी घेऊन कापा, झाकणाला 28.3 मिमीचा समभुज त्रिकोण. दुसऱ्यात आडवं 20, उभं 25. झाकणाचा पाया 28.3, बाजू 32 मिमी. जाड पुठ्ठ्याने मापं सरकतात, कार्डशीटच वापरा.

आता कर्णाची दोन टोकं (समोरासमोरचे दोन छाटलेले कोपरे) चिमटीत धरून 120° फिरवा. पहिला जसाच्या तसा दिसतो, दुसरा नाही. पहिल्यात आरशाची 9 प्रतलं आणि एकूण 48 सममिती-क्रिया (आकार जसाच्या तसा ठेवणारी फिरवणी, प्रतिबिंबं वगैरे), दुसऱ्यात 5 आणि 16.

दगडधोंडे:
कोन 119 आणि 128 आले, त्रिकोणही समद्विभुज. एक शंका: पायराइटच्या घनावरही रेषा असतात. मग तोही घनप्रणालीतला नाही का?

कोनमापक:
आहे. त्याच्या रेषा सहाही फलकांवर असतात आणि शेजारच्या फलकावरच्या रेषांना काटकोनात धावतात. त्यामुळे 90° फिरवलं की जुळत नाहीत, पण कर्णाभोवती 120° फिरवलं की बरोबर जुळतात. क्रिया 48 ऐवजी 24 उरतात, तरी चारही कर्णांवरचे त्रिगुणी (120° ला जुळणारे) अक्ष शाबूत राहतात. घनप्रणाली ठरते ती या चार अक्षांवरून, चौरस फलकांवरून नाही.